जेरीचे ते दोन कागद गाळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कार्टूनपटांवर पानभर लेख आला आहे. विषय चांगला, माहितीही बरीचशी ठीक. पण त्यात ‘द यांकी डूडल माऊस’ या १९४३च्या टॉम अँड जेरीपटाबद्दल जे लिहिलंय ते वाचून गप्प बसवेना. लेखक म्हणतात, चित्रपट धमाल आहे, मात्र मध्ये आणि शेवटी पडद्यावर जे दोन मजकुराचे कागद येतात ते आजच्या मुलांना कळत नाहीत, त्यांनी वेग मारला जातो, तेव्हा मुलांसाठी दाखवताना ते सरळ गाळावेत. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. त्या चित्रपटातलं काही गाळायचंच असेल तर बाकी सगळं गाळा, ते दोन कागद ठेवा.

हे सांगायचा अधिकार मला कुठून आला, तेही सांगतो. मी काही सिनेमाचा जाणकार नाही. नोकरी सैन्यात, सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात झाली. कानाला हेडफोन, पुढ्यात मेसेज पॅड, खाली दोन कार्बन, आणि मागे उभा राहून ‘अजून किती वेळ?’ विचारणारे कोणीतरी साहेब, असा जन्म गेला. संदेश लिहिणं, सायफरमध्ये (सांकेतिक लिपीत) घालणं, पाठवणं, आलेला सोडवणं, आणि सोडवलेल्यातलं नको ते खरडून टाकून हवं ते वर पोचवणं हे माझं काम. त्यामुळे कार्टूनमधला उंदीर जेव्हा युद्धवार्तेचा कागद काढतो तेव्हा माझं लक्ष मांजरावरून उडून कागदावर जातं. त्याला माझा इलाज नाही.

आधी चित्रपटाबद्दल. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचं दिग्दर्शन, एमजीएमची निर्मिती, स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत. २६ जून १९४३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित. लांबी साडेसात मिनिटांच्या आसपास. घटना एका घराच्या तळघरात घडते आणि गोष्ट म्हणावी अशी जवळजवळ नाहीच. टॉम मागे, जेरी पुढे. जेरीच्या बिळावर पाटी आहे: हवाई हल्ल्यापासून बचावाचा आडोसा असतो तसा ‘मांजर-हल्ल्यापासून बचावाचा आडोसा’. तिथून पुढे तळघरातली एकेक वस्तू शस्त्र होत जाते. अंड्यांचा खोका म्हणजे हातबॉम्बची पेटी. शॅम्पेनच्या बाटल्यांची बुचं म्हणजे तोफगोळे. चाकांवर चढवलेली किसणी म्हणजे जीप. पिठाचा धुरळा म्हणजे धुराचा पडदा. अंड्यांच्या खोक्याचंच पुढे विमान होतं आणि त्यातून विजेचे दिवे बॉम्बसारखे खाली पडतात. विमान पडलं तर उतरायला हवाई छत्री हवी, तर ती ब्रेसियरची. आपल्या लेखकांनी या शेवटच्या वस्तूचा उल्लेख टाळला आहे. कुटुंबात वाचली जाणारी पुरवणी आहे, समजू शकतो.

ही जुळवाजुळव मला फार आवडते, आणि ती का आवडते ते नीट सांगितलं पाहिजे. ज्याला पुरवठ्याची वाट बघत काम करावं लागलंय त्याला यातली गंमत दुप्पट कळते. आमच्याकडे मास्टसाठी बांबू, इन्सुलेटरसाठी बाटलीचा गळा आणि झाकणासाठी साहेबांची पावसाळी चादर असे प्रकार होत असत. जेरीची जीप त्याच घराण्यातली. शिवाय तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकाला ती किसणी वेगळीच टोचत असणार. चीज, मांस, लोणी ही सगळी २९ मार्च १९४३पासून अमेरिकेत रेशनवर गेली होती. त्याआधी साखर, कॉफी, पेट्रोल, बूट. म्हणजे चित्रपट थिएटरात लागला तेव्हा चीजच्या किसणीला चीज किसण्याचं काम तसंही कमीच उरलं होतं. जीप ही वस्तू तर नवी कोरी होती. सैन्यात येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. उंदराने घरातली किसणी घेऊन तिची जीप केली हे पाहून थिएटरमध्ये बसलेला माणूस हसला असेल तो घरातल्या रिकाम्या फडताळासकट हसला असेल.

आता पहिला कागद. टॉम पाण्यात एका भांड्यात बसून तरंगत असतो, जेरी त्याची ती नाव बुडवतो, टॉम जहाजासारखा खाली जातो. आणि पडद्यावर कागद येतो: ‘मांजर दिसलं, बुडवलं.’ खाली सही: लेफ्टनंट जेरी माऊस. एवढंच. लहान मुलाला यात हसण्यासारखं काही नाही हे लेखकांचं म्हणणं खरं. पण १९४३मध्ये थिएटर हसलं असणार, कारण मूळ वाक्य सगळ्यांना तोंडपाठ होतं.

ते वाक्य असं. २८ जानेवारी १९४२. डोनाल्ड मेसन नावाचा अमेरिकन नौदलाचा वैमानिक न्यूफाउंडलंडमधल्या अर्जेंशियाच्या तळावरून हडसन जातीचं विमान घेऊन अटलांटिकवर गस्तीला गेला होता. अधिकारी नव्हे, मशिनिस्टच्या हुद्द्यावरचा माणूस, आमच्या भाषेत ओआर, म्हणजे साधा जवान. त्याला पाण्यात पाणबुडीचा पेरिस्कोप दिसला, त्याने पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकले, पाणबुडी पाण्यात नाहीशी झाली. संदेश प्रसिद्ध झाला तो चार शब्दांचा: ‘साइटेड सब, सँक सेम’. पाणबुडी दिसली, बुडवली. चारही शब्द एकाच अक्षराने सुरू होणारे. सिग्नलवाल्याच्या दृष्टीने हा नमुनेदार संदेश आहे. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

आणि तेव्हा अमेरिकेला अशा संदेशाची भूक किती होती ते बघा. त्याच महिन्यात जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर धुमाकूळ मांडला होता. किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे चालू, त्या उजेडाच्या पट्टीवर मालवाहू जहाजांच्या काळ्या आकृत्या, आणि पाणबुडीचे कप्तान निवांत नेम धरून बसलेले. रोज कुठलं तरी जहाज बुडाल्याची बातमी. पॅसिफिकमधून तर एकही धड खबर येत नव्हती. अशात हे चार शब्द आले. देशभर गाजले.

अडचण एवढीच की पाणबुडी बुडाली नव्हती. युद्ध संपल्यावर जर्मन नौदलाच्या नोंदी हाती आल्या, त्या ताडून पाहिल्या, तेव्हा कळलं की त्या दिवशी तिथे जर्मनांची एकही पाणबुडी बुडालेली नाही. मेसनवर खोटेपणाचा आरोप करायचं मुळीच कारण नाही. वरून पाहणाऱ्याला, पाण्यात गेलेली पाणबुडी आणि बुडालेली पाणबुडी सारखीच दिसते. अमेरिकेने बुडवलेली पहिली जर्मन पाणबुडी पुढे १ मार्चला त्याच तुकडीतल्या विल्यम टेपुनी या दुसऱ्या वैमानिकाने बुडवली. तिचा क्रमांक यू-६५६. आणि १५ मार्चला खुद्द मेसननेही एक बुडवली, यू-५०३. ही अगदी खरी. पण तिच्यासाठी कोणी चार शब्दांचं वाक्य पाठ केलं नाही. तोवर मेसन आधीच गाजून चुकला होता.

माझ्या नोकरीत हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे, अर्थात युद्धात नाही, सरावात. एका नदीवरच्या पुलाबद्दल पुढच्या ठाण्यावरून संदेश आला: पूल बहुधा निकामी. आमच्याकडून तो वर गेला तसाच गेला, माझ्या हातचा आहे, मला पाठ आहे. दोन ठाणी पार करून तो वरिष्ठ कचेरीत पोचला तेव्हा ‘पूल निकामी’ झाला होता, आणि संध्याकाळच्या आढाव्यात त्याचा ‘पूल उद्ध्वस्त’ झाला. सराव होता म्हणून पंचांनी दुसऱ्या दिवशी त्याच पुलावरून शत्रुपक्षाचे रणगाडे आणले आणि सगळ्यांची बोलती बंद केली. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. प्रत्येकाने फक्त संदेश जरा आटोपशीर केला होता. ‘बहुधा’ हा शब्द आटोपशीरपणात सगळ्यात आधी मरतो.

म्हणून तो पहिला कागद मला एवढा भावतो. टॉम बुडाला हे आपण डोळ्यांनी पाहतो, आणि हेही पाहतो की तो पुढच्याच क्षणी ओला-चिंब होऊन पुन्हा जेरीच्या मागे लागतो. कागद म्हणतो ‘बुडवलं’. मांजर मात्र जिवंत आहे, चांगलं धडधाकट आहे. कार्टूनच्या नियमाप्रमाणे मांजर मरत नसतंच. पण त्या विशिष्ट वाक्याखाली ते बुडून पुन्हा वर यावं हा योगायोग असा जुळून आलाय की हॅना-बार्बेरांना सत्य ठाऊक असतं तरी त्यांनी याहून वेगळं काही केलं नसतं. त्यांना ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. जर्मन नोंदी तेव्हा जर्मनीत होत्या.

दुसरा कागद शेवटी येतो. टॉम शोभेच्या बाणाला बांधला जातो, आकाशात जातो, फुटतो, आणि त्या ठिणग्यांचा अमेरिकेचा झेंडा होतो. जेरी सलाम ठोकतो. मग कागद: ‘आणखी मांजरं पाठवा!’ सही तीच.

याचं मूळ वेक बेटावर. पॅसिफिकच्या मध्यावर असलेलं हे चिमुकलं प्रवाळबेट. तिथे साडेचारशेच्या आत अमेरिकन मरीन (समुद्रमार्गे लढणारे सैनिक), थोडे नौदलाचे, आणि बांधकामावर आलेले अकराशेहून अधिक नागरी कामगार. ११ डिसेंबर १९४१ला जपानी आरमाराने उतरायचा प्रयत्न केला, तो या लोकांनी परतवला. किनाऱ्यावरच्या तोफांनी आणि उरल्यासुरल्या विमानांनी दोन विनाशिका बुडवल्या, हायाते आणि किसारागी. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर चार दिवसांत आलेली ही पहिली चांगली बातमी. त्याच सुमाराला अमेरिकेत सांगितलं जाऊ लागलं की बेटावरच्यांना ‘काय पाठवू?’ असं विचारलं तर उत्तर आलं: ‘आणखी जपानी पाठवा.’ मूळ वाक्यात जपान्यांसाठी जो शब्द होता तो हेटाळणीचा आहे, तो मी इथे लिहीत नाही. वर्तमानपत्रं, रेडिओ, सगळीकडे ते वाक्य दुमदुमलं. २३ डिसेंबरला बेट पडलं.

मरीनांचे प्रमुख मेजर जेम्स डेव्हरो युद्धकैदेतून सुटून परतले तेव्हा त्यांनी साफ सांगितलं की असं काही आपण पाठवलेलं नाही. होते तेच शत्रू हाताबाहेर होते, आणखी मागायला आपण वेडे नव्हतो, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ. मग ते वाक्य आलं कुठून? याचा जो खुलासा सर्वाधिक सांगितला जातो तो सिग्नलवाल्याला ऐकताक्षणी पटतो: ते पॅडिंग, म्हणजे भरतीचे शब्द होते.

वाचकांसाठी थोडक्यात. सांकेतिक संदेश फोडायला बसलेला शत्रू सुरुवात आणि शेवट यांवर टपून असतो, कारण तिथे ठरावीक गोष्टी येतात. कोणाकडून, कोणाला, अमुकच्या संदर्भात, वगैरे. म्हणून पाठवणारा दोन्ही टोकांना असंबद्ध शब्द चिकटवतो. सोडवणाऱ्याने ते ओळखून फेकून द्यायचे आणि मधला गाभा तेवढा साहेबांना द्यायचा. वेकच्या त्या संदेशात पुढच्या टोकाला ‘पाठवा’ अशा अर्थाचे शब्द आणि मागच्या टोकाला ‘आणखी जपानी’ अशा अर्थाचे शब्द भरले होते आणि कुणीतरी दोन टोकं जोडून वाचली, असं सांगतात. डोकं आणि शेपूट जोडलं आणि मधलं धड, ज्यात खरी हकीकत होती, ते बाजूला राहिलं.

असं खरंच होऊ शकतं का, अशी शंका कुणाला असेल तर २५ ऑक्टोबर १९४४चं उदाहरण आहे आणि त्यात वादाला जागाच नाही. फिलिपिन्समधल्या लेतेच्या आखातातल्या लढाईत अमेरिकन नौदलाचे ॲडमिरल निमित्झ यांनी हाताखालच्या ॲडमिरल हॅल्सी यांना विचारलं की चौतिसावी टास्क फोर्स (युद्धनौकांची तुकडी) कुठे आहे. संदेशाच्या शेवटी भरतीचे शब्द होते: ‘जग आश्चर्य करत आहे.’ हॅल्सींच्या जहाजावर ते शब्द गाळले गेले नाहीत, कारण ते वाक्याशी बेमालूम जुळत होते. हॅल्सींना वाटलं, आपल्याला जाहीर टोमणा मारलाय. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून आपटली. आम्हाला प्रशिक्षणात हा किस्सा सांगून उस्तादजी बजावायचे की भरती अशी निवडा की गाढवालाही ती भरती वाटली पाहिजे. साहेबांना गाढव म्हणायची एवढीच संधी आम्हाला मिळायची, म्हणून धडा लक्षात राहिला.

आपल्याकडे पानिपताहून आलेल्या त्या सुप्रसिद्ध निरोपाची इथे आठवण होते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. तोही सांकेतिकच, पण त्यात वाढवाचढव नाही, उलट ज्याची मोजदाद नाही त्याची नाही असं कबूल केलंय. वाईट बातमीचा संदेश बहुतेक वेळा खरा असतो. चांगल्या बातमीचा दोनदा तपासून घ्यावा, असं माझं चाळीसेक वर्षांनंतरही मत आहे.

वेकबद्दल आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. चित्रपट जून १९४३मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा ते बेट जपानच्या ताब्यात होतं आणि तिथे अमेरिकन कामगारांपैकी ९८ जण अजून राबवले जात होते. बाकीच्यांना बाहेर नेलं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अमेरिकन विमानांनी बेटावर मोठा हल्ला केला. बेटाचा सेनाधिकारी साकाईबारा याला वाटलं आता अमेरिकन उतरणार. ७ ऑक्टोबरला त्याने त्या ९८ जणांना ठार मारायला लावलं. एक जण निसटला. त्याने तिथल्या प्रवाळाच्या खडकावर कोरून ठेवलं: ‘९८ अमेरिकन युद्धकैदी’ आणि तारीख. मग तोही पकडला आणि मारला गेला. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. साकाईबाराला १९४७मध्ये फाशी झाली. खडक अजून आहे. वेकवरून आलेला आणि एका अक्षराचीही भरती नसलेला असा तो संदेश.

आता कुणी म्हणेल, सुभेदारसाहेब, सात मिनिटांच्या उंदीर-मांजराच्या कार्टूनवर हा केवढा डोंगर लादताय! लादत नाहीये. मी हसून-हसून पाहिलेला चित्रपट आहे, नातवाबरोबर तर किती वेळा पाहिला असेल. डायनामाइटची कांडी टॉम आणि जेरी एकमेकांकडून हिसकावतात आणि शेवटी ती टॉमच्याच हातात, तो विजयी मुद्रेने उभा असताना, फुटते, ते मला आजही आधीपासून हसवतं. चित्रपट प्रचाराचा आहे यातही शंका नको. शेवटी आकाशात झेंडा काढला आहे, आणखी काय पुरावा हवा? १९४२चं कार्टूनचं ऑस्कर डोनाल्ड डकला हिटलरच्या कारखान्यात राबवणाऱ्या डिस्नेपटाला मिळालं होतं, १९४३चं या चित्रपटाला. त्या दोन वर्षांत हॉलिवूडचे ससे, बदकं, डुकरं, सगळे भरती झाले होते.

पण प्रचाराप्रचारात फरक असतो, आणि आपल्या लेखात तो पुसला गेलाय. त्या काळच्या कितीतरी कार्टूनमध्ये जपानी माणूस पुढे आलेले दात आणि जाड भिंगांचा चष्मा एवढाच उरला होता. ती आज पाहवत नाहीत आणि पाहवू नयेतच. ‘यांकी डूडल माऊस’मध्ये टॉम हा टॉमच आहे. त्याच्या दंडावर स्वस्तिक नाही, त्याला कुठल्या देशाचा केलेला नाही. ‘आणखी जपानी पाठवा’ या आरोळीतून हॅना-बार्बेरांनी जपानी काढून टाकले आणि मांजरं घातली, तेव्हा आरोळीतला विखार गेला आणि उरली ती नुसती फुशारकी, आणि ती एका वीतभर उंदराच्या तोंडी. आता ती फुशारकी हास्यास्पद वाटते की नाही? तेव्हाच्या प्रेक्षकाला बहुधा ती शूर वाटली. आज आपल्याला दोन्ही वाटू शकते, पण कधी? त्या दोन वाक्यांचं मूळ माहीत असेल तेव्हा. कागद कापले तर उरते ती तळघरातली मारामारी, आणि मारामारीचे टॉम अँड जेरी शंभरावर आहेत.

टॉम अँड जेरीच्या जुन्या चित्रपटांत कृष्णवर्णीयांच्या थट्टेचे प्रसंग आहेत आणि ते लाजिरवाणे आहेत, हे लेखकांनी लिहिलंय ते योग्यच. २०१४ साली काही ऑनलाइन विक्रेत्यांनी या चित्रपटांपुढे तशी सूचनाही लावली. सूचना लावावी, मोठ्या अक्षरांत लावावी. समजावून सांगणं हा मार्ग मला मान्य आहे. कळत नाही म्हणून गाळणं मान्य नाही. माझ्या नातवाने पहिल्या कागदाशी पॉज दाबून विचारलं, ‘आबा, हे उंदराने कोणाला पाठवलं?’ याहून चांगला प्रश्न सिग्नल सेंटरमध्ये नव्या पोराने विचारल्याचं मला आठवत नाही. वेग मारला जातो म्हणे! अहो, मुलगा थांबला, वाचायला लागला, प्रश्न विचारायला लागला.

लेखातल्या दोन तपशिलांची दुरुस्ती करतो. हॅना आणि बार्बेरा यांनी १९४३मध्ये ऑस्कर स्वीकारलं, असं त्यात म्हटलंय. पारितोषिक १९४३च्या चित्रपटांसाठीचं होतं, सोहळा २ मार्च १९४४ रोजी झाला आणि बाहुली गेली ती निर्माते फ्रेड क्विम्बी यांच्या हाती. तेव्हाचा नियमच तसा होता, कार्टूनचं बक्षीस निर्मात्याला. टॉम अँड जेरीला एकूण सात ऑस्कर मिळाली, हे त्यातलं पहिलं. ज्यांनी मांजर-उंदीर जन्माला घातले ते दोघं टाळ्या वाजवत राहिले. सैन्यात जन्म काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

दुसरं, या जोडीचा पहिला चित्रपट १९४०चा, त्यात मांजराचं नाव टॉम नव्हतं, जॅस्पर होतं. लेखात ते बरोबर आहे. पण ‘स्टुडिओने तत्काळ मालिका सुरू केली’ हे नाही. क्विम्बींना एकाच मांजर-उंदरावर सगळं ओतायचं नव्हतं. मग टेक्सासमधल्या एका थिएटर साखळीतल्या बाईंचं पत्र आलं की ती झकास मांजर-उंदराची चित्रं आणखी कधी येणार? त्यावर चक्रं फिरली. म्हणजे ‘आणखी मांजरं पाठवा’ असा खराखुरा, सहीनिशी निरोप एकदा गेला होता, आणि तो पोस्टाने गेला होता. वाचकांची पत्रं छापणाऱ्या संपादकांना हे सांगायला मला विशेष आनंद होतो.

माझी विनंती साधी आहे. आपण पुरवणीत म्हटल्याप्रमाणे शाळांसाठी जुन्या कार्टूनपटांचे खेळ ठेवणार असाल तर हा चित्रपट अखंड दाखवा. दोन्ही कागदांच्या वेळी खाली मराठी ओळ द्या, जमलं तर प्रत्येकी तीन-चार सेकंद चित्र थांबवा. खेळ सुरू होण्याआधी कुणीतरी मेसन आणि वेक यांच्याबद्दल पाच मिनिटं बोलावं. ९८ जणांची हकीकत लहानांना सांगावी की नाही ते शिक्षकांनी ठरवावं. मी आठवीच्या पुढच्यांना सांगेन. बोलायला कुणी मिळालं नाही तर मी येतो, मानधन नको, मात्र माईक आधी तपासून ठेवा, कारण बिघडलेल्या यंत्रापुढे उभं राहिलो की माझ्या तोंडून जी भाषा निघते ती शाळेत चालणार नाही.

आणि जाता जाता, लेखासोबत छापलेलं टॉमचं चित्र या चित्रपटातलं नाही. ती चौकट चांगली लांबरुंद आहे. रुंद पडद्यावरचे टॉम अँड जेरी १९५४पासून आले. १९४३चा पडदा जवळपास चौकोनी होता आणि तेव्हाचा टॉम जास्त केसाळ होता. पुढच्या वेळी चित्र निवडताना तेवढं पाहून घ्यावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सुभेदार (सिग्नल्स)